सीडी-डीव्हीडी राइट होत नाही? दुसरी कोरी डिस्क घालण्याआधी बिघाड असा शोधा

डिस्क आता कोण राइट करतं, असं वाटू शकतं. पण नाशकात हे काम अजून संपलेलं नाही. पंचवटीतल्या भजनी मंडळाला जुन्या गाडीच्या स्टिरिओत वाजेल अशी सीडी हवी असते. सिडकोतल्या आजी-आजोबांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि नातीच्या लग्नाचं शूटिंग त्यांना त्यावरच बघायचं असतं. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात सीसीटीव्हीचं चित्रण सादर करायचं असेल, तर पक्षकाराला ते सीडीवर आणायला सांगितलं जातं. २००३ किंवा २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेलं घरचं शूटिंग डिस्कवर असेल, तर पुढचा सिंहस्थ तोंडावर आलेला असताना त्याच्या प्रती भावंडांना वाटाव्यात असंही कुणाच्या मनात येतं.

यात अडचण आली की बहुतेक जण तीच गोष्ट पुन्हा करतात. दुसरी कोरी डिस्क घालतात, तेच बटण दाबतात आणि तीही वाया जाते. पूर्वी हे खपून जायचं, कारण ब्लँक सीडी प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळायची. आता तसं नाही. भारतात घरोघरी पोचलेल्या डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. आज दुकानात मिळणारी डिस्क किती वर्षं गोदामात पडून आहे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक कोरी डिस्क जपून वापरायची आणि बिघाड डिस्कमध्ये आहे, ड्राइव्हमध्ये आहे की आपण दिलेल्या फाइलींमध्ये आहे, हे आधी ठरवायचं.

त्यासाठी एकच प्रश्न विचारा: काम नेमकं कुठे अडलं? सुरूच झालं नाही, मध्येच थांबलं, की पूर्ण होऊनही दुसरीकडे चालत नाही? या तीन अवस्थांची कारणं वेगळी असतात. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

सुरुवातीची तयारी

एक सीडी-आरडब्ल्यू किंवा डीव्हीडी-आरडब्ल्यू घेऊन ठेवा. ती पुसून पुन्हा वापरता येते, त्यामुळे चाचण्या तिच्यावर करायच्या आणि पक्की प्रत तेवढी साध्या डिस्कवर काढायची. घरी शोधाशोध करणाऱ्यासाठी याहून उपयोगी वस्तू नाही. एवढं लक्षात ठेवा की आरडब्ल्यू डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो. ती जुन्या प्लेअरमध्ये चालली नाही, म्हणजे ड्राइव्ह बिघडला असं होत नाही.

विंडोजमध्ये डिस्क राइट करायची सोय असते, पण काही चुकलं की ती नीट कारण सांगत नाही. ‘इमेजबर्न’ किंवा ‘सीडीबर्नरएक्सपी’ हे मोफत प्रोग्राम टाकून घ्या. इन्स्टॉल करताना सोबत येणारे जादाचे प्रोग्राम मात्र एकेक वाचून नाकारा. इमेजबर्नची खालची लॉगची खिडकी बंद करू नका. ड्राइव्हने दिलेला मूळ संदेश तिथे जसाच्या तसा दिसतो आणि अर्धं निदान तिथेच होतं. लिनक्सवर ‘के-थ्री-बी’ हेच काम उत्तम करतो.

काम सुरूच होत नाही

आधी बघा, ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह दिसतो का. दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिथे डीव्हीडी ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून तो अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. विंडोज त्याला पुन्हा ओळखतं. तिथे पिवळं चिन्ह येत असेल, तर जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत) सोडलेल्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी बहुधा आड येत असतात. रजिस्ट्रीला हात लावण्याची सवय नसेल तर हे जाणकाराकडून करून घ्या. ड्राइव्ह बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) दिसत नसेल, तर डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडून साटा केबल (ड्राइव्हची डेटाची केबल) आणि पॉवरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. उन्हाळाभर बंद असलेल्या संगणकात धुळीने सैल झालेली जोडणी एवढ्याने जाग्यावर येते.

आजकाल बरेच जण लॅपटॉपला यूएसबीचा बारीक ड्राइव्ह लावतात. त्याचा मुख्य शत्रू म्हणजे अपुरी वीज. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९०० देतं. राइट करताना लेसर आणि मोटर दोन्ही जोरात चालतात, तेव्हा ५०० कमी पडू शकतात. लक्षण ठरलेलं आहे: डिस्क वाचताना सगळं ठीक, राइट करायला घेतलं की ड्राइव्ह टक-टक करतो किंवा गायबच होतो. हब काढा, एक्स्टेंशन केबल काढा, थेट निळ्या पोर्टला लावा. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं जोडा. डेस्कटॉपला पुढच्या पॅनेलऐवजी मागचं पोर्ट वापरा.

ड्राइव्ह दिसतो, पण कोरी डिस्क घातली की ‘इन्सर्ट अ डिस्क’ असंच म्हणतो? मग ट्रेवरचं चिन्ह वाचा. नुसतं ‘डीव्हीडी-रॉम’ असेल तर तो ड्राइव्ह राइट करतच नाही. जुने ‘कॉम्बो’ ड्राइव्ह सीडी राइट करतात, डीव्हीडी फक्त वाचतात. डीव्हीडीतही वजा आणि अधिक असे दोन प्रकार आहेत. डीव्हीडी-आर १९९७ मध्ये आली आणि डीव्हीडी+आर २००२ मध्ये, त्यामुळे फार जुना ड्राइव्ह अधिकची डिस्क ओळखणार नाही.

आता एक महत्त्वाची चाचणी. सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट, असं होत असेल तर दोष लेसरचा असण्याची शक्यता मोठी आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेसर असतात. एक थकला तरी दुसरा चालत राहतो. म्हणून ‘गाणी तर वाजतात, म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे’ हा निष्कर्ष काढू नका.

‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ हा संदेशही याच टप्प्यावर येतो. राइट करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेजवळ राखून ठेवलेल्या पट्टीवर लेसर किती जोराने मारावा लागेल, याची चाचणी घेतो. ती जमली नाही की हा संदेश. कारणं तीन: ड्राइव्हला त्या कंपनीची डिस्क ओळखता येत नाही, भिंगावर धूळ आहे, किंवा लेसर अशक्त झाला आहे. उपायही याच क्रमाने करा. आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क घाला (पूर्ण पॅक न घेता एम. जी. रोडवरच्या एखाद्या दुकानातून सुट्या दोन-तीन वेगवेगळ्या घ्या). मग वेग बदला, मग भिंग साफ करा. तरीही तोच संदेश आला तर ड्राइव्ह बदलायची वेळ झाली.

भिंग साफ करणं यूएसबीच्या आणि लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये सोपं असतं, कारण ट्रे ओढली की ते समोरच दिसतं. वीज बंद करा, केबल काढा. फोटोग्राफर वापरतात त्या रबरी फुग्याने आधी हवा मारा. तेवढ्याने भागलं नाही तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा देऊन, दाब न देता, एकदाच फिरवा. भिंग अगदी नाजूक तारांवर तरंगत असतं, म्हणून दाबायचं अजिबात नाही. वीज चालू असताना त्याच्याकडे डोळे लावून बघू नका. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग आत असतं, तिथे ब्रशवाली क्लीनिंग डिस्क एकदा फिरवून बघता येते, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, एसीच्या खोलीत थंड झालेला ड्राइव्ह बाहेरच्या दमट हवेत आणला की भिंगावर बाष्प धरतं. अशा वेळी तासभर तसाच राहू द्या आणि मग काम करा.

जागा पुरत नाही असं म्हणतो

डीव्हीडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण विंडोज मोजताना १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे तिथे ती साधारण ४.३८ जीबी दिसते. विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसणारं फोल्डर तिच्यावर बसणार नाही. शिवाय वजा प्रकारची डिस्क अधिक प्रकारापेक्षा किंचित मोठी असते, सुमारे ७० लाख बाइटनी. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डीव्हीडी-आरची प्रत डीव्हीडी+आरवर घेताना शेवटी अडते. सीडीची मर्यादा ७०० एमबी, आणि गाण्यांची ऑडिओ सीडी असेल तर ८० मिनिटं. ऑडिओ सीडीत एमपीथ्रीचा आकार बघायचा नसतो, मिनिटं मोजायची असतात.

सी ड्राइव्हवरची मोकळी जागाही तपासा. विंडोज फाइली आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमवतं. मागे अर्धवट सोडलेल्या फाइली तिथे साचल्या असतील तर नव्या कामात त्या मिसळतात. डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘डिलीट टेम्पररी फाइल्स’ केलं की मोकळं होतं.

मध्येच थांबतं

हा सगळ्यात त्रासदायक प्रकार, कारण यात डिस्क हमखास जाते. त्यामुळे यावर थोडा जास्त वेळ देऊ.

काम किती टक्क्यांवर थांबलं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी आरडब्ल्यू डिस्कवर करा आणि आकडा पुन्हा बघा. दोन्ही वेळा साधारण त्याच जागी थांबलं, तर संशय फाइलीवर जातो. त्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवरच एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करून बघा. कॉपी होतानाच एखादी फाइल अडली, तर दोष सापडला: ती फाइल किंवा तुमची हार्ड डिस्क खराब आहे आणि डिस्क रायटर निर्दोष आहे. दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर ड्राइव्ह, केबल किंवा डिस्कचा माल बघा. आणि दरवेळी ९० टक्क्यांच्या पुढेच थांबत असेल तर? डिस्क आतून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते. बाहेरची कड हा डिस्कचा सगळ्यात कमजोर भाग, हाताळणीत तिलाच बोटं लागतात आणि स्वस्त मालात तिथेच थर विषम असतो. अशा मालावर डीव्हीडी ४ जीबीच्या आतच भरा. भारंभार भरण्यापेक्षा दोन डिस्क केलेल्या बऱ्या.

दुसरं कारण म्हणजे डेटा वेळेत न पोचणं. डीव्हीडीला एक पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. आठ पट वेगाला सेकंदाला ११ एमबी अखंड लागतात. जुना पेन ड्राइव्ह, वायफायवरचं शेअर केलेलं फोल्डर किंवा मोबाइल थेट केबलने जोडून त्यातून राइट करणं, या सगळ्यात तेवढा वेग टिकत नाही. २००० च्या सुमारास सॅन्योने ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणलं आणि पुढे सगळ्याच ड्राइव्हमध्ये तशी सोय आली: डेटा संपला की लेसर थांबतो आणि डेटा आला की तिथूनच पुढे सुरू होतो. त्यामुळे डिस्क लगेच वाया जात नाही, पण वारंवार थांबलं तर जोड कमजोर होतात. म्हणून फाइली आधी संगणकाच्या हार्ड डिस्कवर आणा, मगच राइट करा. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा आणि अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन त्या वेळी चालू नाही ना ते बघा.

वीज हा आपल्याकडचा वेगळा मुद्दा. मे-जूनच्या वळिवात ढग दाटून आले की दिवे लुकलुकतात, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर त्या क्षणी डिस्क गेली म्हणून समजा. महावितरणचा देखभालीचा संदेश आलेला दिवस या कामासाठी धरू नका.

वेग किती ठेवावा? ‘जितका कमी तितका चांगला’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला पटत नाही. आजच्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर मोठ्या वेगासाठी बनवलेला असतो. फार हळू राइट केलं तर उलट खुणा विद्रूप होऊ शकतात. १६ पटीच्या डीव्हीडीला ८ पट, ५२ पटीच्या सीडीला १६ ते २४ पट असा मधला वेग ठेवा. आठ पटीने पूर्ण डीव्हीडीला साधारण आठ ते दहा मिनिटं लागतात. वेळ वाचवण्यासारखं त्यात फार काही नाही.

इमेजबर्नमध्ये ‘टेस्ट मोड’ आहे. लेसर प्रत्यक्ष न जाळता सगळी प्रक्रिया करून दाखवतो. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरवर तो चालतो, डीव्हीडी+आरवर चालत नाही. मोठं काम असेल तर आधी ही रंगीत तालीम घ्याच.

राइट झालं, पण दुसरीकडे चालत नाही

नाशकात ज्यांना मी मदत केली, त्यांच्यातल्या बहुतेकांची अडचण खरं तर इथली होती. संगणकाने ‘यशस्वी’ म्हटलेलं असतं आणि घरी प्लेअरवर ‘नो डिस्क’ येतं. यात बहुतेक वेळा ड्राइव्हचा दोष नसतो, निवडलेला प्रकार चुकीचा असतो.

विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की दोन पर्याय येतात. ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ हा निवडला तर ती डिस्क फक्त संगणकांसाठी आहे असं समजा. टीव्हीच्या प्लेअरसाठी, गाडीसाठी किंवा कुणाला कायमची द्यायची असेल तर ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’ हाच निवडा. पहिल्या प्रकारची डिस्क आधीच तयार झाली असेल, तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘क्लोज सेशन’ करा. काही वेळा तेवढ्याने दुसऱ्या संगणकावर चालू लागते.

इतर प्रोग्राममध्ये ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’ अशी खूण असते. ती केली नाही तर डिस्कच्या शेवटी समाप्तीची नोंद लिहिली जात नाही आणि साधा प्लेअर गोंधळतो.

गाणी. ज्या स्टिरिओवर ‘एमपीथ्री’ असं छापलेलं नाही, त्याला ऑडिओ सीडीच लागते. विंडोज मीडिया प्लेअरच्या बर्नच्या यादीत ‘ऑडिओ सीडी’ निवडा. ‘डेटा सीडी’ निवडली तर गाणी फाइली म्हणून जातात. एमपीथ्री चालणाऱ्या स्टिरिओसाठी फाइलींची नावं देवनागरीत ठेवू नका. संगणक ‘काकड आरती’ नीट दाखवतो, पण स्टिरिओला तिथे चौकोन दिसतात, काही तर फाइलच वगळतात. इंग्रजी अक्षरं, सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत दोन अंकी क्रमांक आणि छोटं नाव, एवढं केलं की क्रमही बिघडत नाही.

व्हिडिओ. मोबाइलवरचं लग्नाचं शूटिंग डिस्कवर नुसतं ओढून टाकलं तर डीव्हीडी-व्हिडिओ बनत नाही. जुन्या प्लेअरला एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आकाराचा आणि सेकंदाला २५ चित्रांचा, विशिष्ट नावाच्या फोल्डरमध्ये लागतो. ‘डीव्हीडीस्टायलर’ हा मोफत प्रोग्राम हे रूपांतर करून मेनूसुद्धा तयार करतो. रूपांतराला वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. एका डिस्कवर दीड-दोन तासांपेक्षा जास्त कोंबू नका, चित्र फुटायला लागतं.

आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत. ती डेटा म्हणून कॉपी केली तर डिस्कवर एकच मोठी फाइल दिसते आणि काहीच सुरू होत नाही. फाइलवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडायचं. विंडोज ७ पासून ही सोय आहे.

चार जीबीहून मोठी एकच फाइल असेल तर जुन्या आयएसओ ९६६० मांडणीत ती अडते. प्रोग्राममध्ये त्याऐवजी यूडीएफ ही मांडणी निवडा.

न्यायालयासाठी किंवा दवाखान्याच्या कागदपत्रांसाठी प्रत काढताना

इथे नुसतं ‘चालतंय’ पुरेसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य (फाइलमधल्या डेटावरून काढलेला तिचा डिजिटल ठसा) नोंदवायची जागा आहे. फाइलचं हॅश काढायला सेव्हन-झिप टाका, फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ निवडा. आधी हार्ड डिस्कवरच्या मूळ फाइलचं काढा, मग डिस्क राइट करून बाहेर काढा, पुन्हा घाला आणि डिस्कवरच्या फाइलचं काढा. दोन्ही मूल्यं अक्षरशः सारखी आली पाहिजेत. एकही अक्षर वेगळं असेल तर ती डिस्क देऊ नका. सीसीटीव्हीची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलूनही देऊ नका, कारण बदलली की हॅश बदलतं. डिस्क फायनलाइज केलेली असावी, आणि काय स्वरूपात द्यायचं ते तुमच्या वकिलांना आधीच विचारा.

घरच्या प्रतीसाठीही ‘व्हेरिफाय’ची खूण कायम ठेवा. वेळ जवळपास दुप्पट होतो, पण डिस्क आहे की नाही हे दहा वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळतं. त्यानंतर शेजाऱ्याच्या किंवा ऑफिसच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये एकदा उघडून बघा. ज्या ड्राइव्हने लिहिलं तोच वाचतो आणि दुसरा कोणताच वाचत नाही, असं झालं तर लिहिणाऱ्या ड्राइव्हचा लेसर थकत चालला आहे. महत्त्वाचं सगळं त्याच ड्राइव्हवर लगेच वाचून हार्ड डिस्कवर परत घ्या.

डिस्क अडकली तर

ट्रे उघडत नसेल तर संगणक बंद करा. ड्राइव्हच्या पुढे बारीक छिद्र असतं, त्यात सरळ केलेली पेपर क्लिप आडवी घालून हलकेच दाबा. ट्रे थोडी बाहेर येईल, मग हाताने ओढा. राइट चालू असताना हे करायचं नाही.

नाव लिहिणं आणि ठेवणं

सीडीचा डेटाचा थर नावाच्या बाजूला, जेमतेम एका वार्निशच्या पापुद्र्याखाली असतो. त्यामुळे चमकणाऱ्या बाजूपेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. बॉलपेनने लिहू नका, डिस्कसाठीचा पाण्याच्या शाईचा मार्कर घ्या. डीव्हीडीत थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने ती थोडी सुरक्षित, पण कागदी स्टिकर दोन्हींना नको: तोल बिघडतो आणि उष्णतेने कड सुटली तर ड्राइव्हमध्ये अडकतो. पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून बाहेर सरळ पुसा, गोल नाही.

कडक डब्यात, उभी, उन्हापासून दूर ठेवा. नाशकात एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मूळ प्रत कधीच ठेवू नका. गाडीत वाजवायला दुसरी प्रत काढा आणि मूळ घरात ठेवा. डब्यावर तारीख, प्रसंग आणि कोणत्या प्रोग्रामने कोणत्या वेगाने लिहिली एवढं टिपा. पुढच्या वेळी त्याच मालाची डिस्क हातात आली की चाचणीत वेळ घालवावा लागत नाही.